दीडचं भिंग

समोरच्या माणसाला नमस्कार करायच्या आधी तो त्याच्या हनुवटीला अंगठा लावायचा. तोंड दाराकडे वळवायचा, एक डोळा मिटून गालावरचा उजेड बघायचा आणि मग म्हणायचा, "या, बसा." आमच्या गावातल्या शनवारा पेठेत त्याचं फोटोचं दुकान होतं. तुम्ही फोटो काढायला आलात की नुसता पत्ता विचारायला, याच्याशी त्याला कर्तव्य नसे. आमच्या हेडमास्तरांची हनुवटी त्याने भर बाजारात अशी उचलली होती, त्यांच्या हातात मेथीची जुडी असताना. हेडमास्तर आठवडाभर धुमसत होते.

"अंधार असं काही नसतंच, मास्तरसाब," तो मला सांगायचा. "उजेड कमी-जास्त असतो, बस!"

हे सगळं त्या भिंगापायी. मामेभावाच्या लग्नाला म्हणून मुंबईला गेला, आणि विलायतेला परत निघालेल्या कुणा साहेबाचा कॅमेरा घेऊन आला. त्याचं भिंग दीडचं. आता तुम्हाआम्हाला यातलं काय कळतं? त्यानेच मला शंभरदा समजावलं म्हणून सांगतो. आकडा जितका लहान, तितकं भिंगाचं तोंड मोठं आणि तितका उजेड जास्त आत येतो. गावातल्या बाकी फोटोवाल्यांची भिंगं साडेचाराची नाहीतर सहाची. याचं दीडचं. मग गावाने त्याला दीडशहाणा म्हटलं तर गावाचा काय दोष? खरं सांगायचं तर सुरुवात मीच केली होती.

बरं, तोंड मोठं आहे तर गरजेपुरतं उघडावं, एरवी लहान करावं. तशी सोय त्यात होती, त्यानेच मला दाखवली होती. पण नाही! दुकानात लख्ख उजेड असला तरी हा भिंग सताड उघडं ठेवणार.

"दीडचं भिंग घेऊन आठवर लावू?" तो चिडायचा. "वाघ पाळून त्याला वरणभात घालू का?"

या वाघाने पहिल्यांदा खाल्ला तो दुकानातला पडदा. पडद्यावर महाल रंगवला होता, पुढे तळं, तळ्यात दोन हंस. लोक पार सिंधीपुऱ्यातून त्या महालासाठी यायचे. पण मोठ्या तोंडाच्या भिंगाची खोड अशी, की ज्यावर त्याची नजर तेवढंच स्पष्ट येतं, मागचं-पुढचं सगळं धूर. एका कापडवाल्या शेठजींनी फोटो हातात घेतला आणि ओरडलेच, "अरे, मेरा महल कहाँ गया?"

"तुमच्या मागं महाल होता कधी, शेठ?" याने शांतपणे विचारलं.

शेठजी पुन्हा त्या दुकानाची पायरी चढले नाहीत.

धूलकोटचा एक शेतकरी शेतीच्या प्रदर्शनात लावायला फोटो हवा म्हणून केळीचा घड घेऊन आला होता. घड कसला, चांगला कमरेएवढा! तो पुढ्यात उभा धरून त्याने फोटो काढून घेतला. फोटोत घडाच्या जागी एक पोतं दिसत होतं.

"माझी केळी कुठंय, भाऊ?"

"केळी काय बघता, नाक बघा नाक! एकेक केस मोजून घ्या."

त्या बिचाऱ्याला प्रदर्शनात नाक मांडायचं नव्हतं.

असे किस्से मी शाळेत तिखटमीठ लावून सांगायचो. त्याच्या कानावर जात असणारच. गाव ते केवढं!

मग राज्यं नव्याने वाटली गेली. आमची राजधानी नागपुरातून उठली ती भोपाळला गेली. नोकरदारांचीही वाटणी झाली. माझा धाकटा भाऊ कचेरीत कारकून होता, त्याच्या वाट्याला अकोला आलं. म्हणजे चक्क दुसरं राज्य. आई दम्याने दोन वर्षं माजघरातल्या खाटेवर पडून होती. जन्मात तिचा एकही फोटो निघाला नव्हता. अकोल्याला जायच्या आत एक तरी काढून घ्यायचा, असं भावाने मनात घेतलं.

"मी परत येईपर्यंत ती..." तो म्हणाला.

स्टेशनाकडचा फोटोवाला येऊन बघून गेला. म्हणाला, इथे अंधार आहे, बाईंना अंगणात आणा. तिला उठून बसवलं तरी धाप लागायची. मग म्हणाला, पूड पेटवून उजेड करतो. त्या पुडीचा धूर दम्याच्या माणसाला? बरं, धुराविना काढायचा तर दहा आकडे मोजेपर्यंत स्थिर राहायचं. आई तीन आकड्यांच्या आत खोकायची. राहिला कोण? दीडशहाणा!

मी भावाला म्हटलं, "तू जा."

"बोलायला तू होतास ना दादा? मग जा तूच."

गेलो. काम सांगितलं. मला वाटलं होतं, आता हा सगळी उट्टी काढणार. त्याने एवढंच विचारलं, "खिडकी कोणत्या अंगाला आहे?"

आला तो थेट खाटेपाशी, आणि सवयीप्रमाणे आईच्या हनुवटीला अंगठा लावला.

"मेल्या, सोयरीक जमवतोस का माझी?" आई म्हणाली.

त्याने कॅमेरा स्टुलावर टेकवला आणि आमच्याकडे वळून म्हणाला, "तुम्ही दोघं बाहेर व्हा. उजेड अडवताय."

आम्ही ओसरीत बसलो. आतून खोकला, बोलणं, पुन्हा खोकला. पाऊण तास झाला तरी खटक्याचा पत्ता नाही. मी उठणार, तेवढ्यात आई हसली. खळखळून! दोन वर्षांत ते हसणं आम्ही ऐकलं नव्हतं. मागोमाग खटका वाजला.

फोटो आला. खाट, औषधाच्या बाटल्या, पिकदाणी, ओल आलेली भिंत, सगळं धुरात गेलं होतं. कानसुद्धा धूसर होते. होते ते फक्त डोळे आणि ते हसणं. भाऊ फोटो हातात धरून पोरासारखा रडला. एक प्रत त्याने अकोल्याला नेली, एक मी ओसरीत लावली. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, आत आई गेली. भाऊ पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

त्या दिवसापासून मी त्याच्याबद्दल वाकडं बोललो नाही. गाव मात्र बोलायचं थांबलं नाही, कारण गावाला महाल हवा होता. चारेक वर्षांत त्याने दुकान बंद केलं आणि इटारसीला मेहुण्याकडे निघाला. टांग्यात सामान चढवायला मी गेलो होतो. मनात कधीचं होतं ते विचारलं, "त्या दिवशी आईला हसवलंत कसं?"

"मी कुठला हसवतो, मास्तरसाब! माँजीच मला हसवत होत्या. तुमची नक्कल करून."

"माझी?"

"हाव! तुम्ही शाळेतून येता, दारात चपला काढता, 'आई, औषध घेतलं का?' म्हणता आणि सरळ आत जाता. हुबेहूब तुमचा आवाज! म्हणाल्या, दोन वर्षं झाली, रोज विचारतो, पण मेला उत्तराला एकदा थांबत नाही. लई हसल्या हो. तेवढ्यात मी खटका दाबला."

सांगताना तो मनापासून हसत होता. टोमणा मारायची त्याला अक्कलच नव्हती. मीही हसलो. टांगा गेला.

आणि मी इतकी वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतो, की वाटणीत धाकट्याची नोकरी टिकली म्हणून आई हसते आहे!

घरी आलो. चपला काढल्या. लाज वाटली, सरळ सांगतो. आत जायचं सोडून ओसरीत फोटोसमोर खाली बसलो.

बायकोने आतून विचारलं, "कोण आलंय?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "मीच आहे. जरा आईपाशी बसलोय."