जिझानवरचा वडापाव

सौदी अरेबियात जिझान शहराची बाजू घेणारा एकच माणूस आहे, आणि तो गुहागरचा आहे. तो माझा साडू. खुद्द जिझानचे लोक स्वभावाने शांत. कुणी त्यांच्या गावाला नावं ठेवली तर हसतात, समोरच्याला कॉफी पाजतात आणि विषय सोडून देतात. माझ्या साडूंना सोडून देणं जमत नाही. देशाच्या नकाशात अगदी खाली, डाव्या कोपऱ्यात, तांबड्या समुद्राला टेकून, येमेनच्या सीमेजवळ हे शहर आहे. तिथल्या मासळी बंदरालगत बर्फाचा कारखाना आहे आणि त्या कारखान्यात साडू सुपरवायझर आहेत. दिवसभर बर्फात वावरणारा माणूस इतका तापलेला कसा राहतो, हे कोडं मला माझ्या लग्नापासून सुटलेलं नाही.

मी जुबैलला असतो, म्हणजे नकाशात वर आणि उजवीकडे. आमच्या दोघांच्या मध्ये अख्खा देश पसरलेला आहे, आणि साडूंचं म्हणणं असं की या अख्ख्या देशाला जिझानबद्दल काडीची माहिती नाही. हे म्हणणं खरं आहे, हीच तर अडचण आहे. "तिकडे लाईट असते का हो?" "रस्ते पक्के आहेत का?" "गोळीबार होतो ना तिकडे?" "फॅमिली ठेवतं का कुणी तिकडे?" हे प्रश्न मी माझ्या कानांनी ऐकलेले आहेत, आणि विचारणारे कोण, तर ज्यांनी जुबैलसुद्धा कंपनीच्या बसच्या काचेतून, कॅम्प ते प्लांट आणि प्लांट ते कॅम्प, एवढंच पाहिलेलं आहे. रियाधला गेले तर बत्ह्याच्या बाजारात उतरून जेवले आणि परतले. असल्या माणसांनी एका वाढत्या, गजबजलेल्या, बंदर आणि विद्यापीठ असलेल्या शहराची कीव करावी, याचा मलाही संताप येतो. पण मी भित्रा माणूस आहे. मी संताप गिळतो आणि पाण्याचा घोट घेतो. साडू मात्र खुर्ची पुढे ओढतात. "बसा," ते म्हणतात, "सांगतो," आणि समोरच्याची संध्याकाळ संपते.

त्यांचा सगळ्यात मोठा राग आहे तो थंडीवर. सौदीच्या दक्षिणेला डोंगरात अबहा नावाचं गाव आहे, थंड हवेचं, त्यामुळे बाकी देशाला वाटतं की दक्षिण म्हणजे सगळीच गारेगार. हा गैरसमज माझ्या घरातही होता. पहिल्यांदा आम्ही सहकुटुंब जिझानला गेलो तेव्हा बायकोने सगळ्यांचे स्वेटर घेतले होते आणि मी मफलर. विमानाचं दार उघडलं आणि ओल्या टॉवेलने तोंड दाबावं तशी हवा अंगावर आली. साडू समोर उभे होते. त्यांनी माझ्या गळ्यातल्या मफलरकडे नुसतं पाहिलं. घरी गेल्यावर मात्र त्यांनी माझ्या मेहुणीला हाक मारली, "अगो, बाहेर ये! महाबळेश्वरची मंडळी आलीयत!" पुढचे चार दिवस त्यांनी मला त्याच नावाने हाक मारली. समुद्रावर नेलं, मासळीबाजारात नेलं, बायकांच्या केसांसाठी मोगऱ्यासारख्या फुलांच्या माळा विकणाऱ्या म्हाताऱ्यांच्या पुढ्यात उभं केलं आणि दर ठिकाणी विचारलं, "हं, काय कमी आहे? सांगा, महाबळेश्वर!" मला काहीच कमी दिसलं नाही. खरं सांगायचं तर मला गुहागरला आल्यासारखं वाटलं होतं, आणि त्यांच्या रागाचं मूळही तिथेच असावं, असं मनात आलं होतं. पण हे त्यांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते की गुहागरला बर्फाचा एवढा मोठा कारखाना आहे का?

आंब्याच्या बाबतीत तर ते धर्मभ्रष्ट झालेले आहेत. जिझानला आंबा पिकतो, चांगला पिकतो, आणि गुहागरचा हा माणूस दर उन्हाळ्यात त्या आंब्याचे खोके विमानाने आमच्याकडे आणतो. आणून गप्प बसतील तर कसले साडू? ते स्वयंपाकघरात जाऊन स्वतः फोडी करतात, बाहेर आणतात, खाणाऱ्याला आधी "वा!" म्हणू देतात आणि मग सांगतात, "जिझान!" एकदा आमच्या शेजारच्या देवगडकरांचा घास घशातच राहिला होता. "हापूसच्या शपथेवर सांगा, वाईट आहे?" साडू विचारत होते आणि देवगडकर बिचारे खोटं बोलायला पुरेसा वेळ मागत होते.

त्यांच्या तडाख्यातून जिझानी माणसंही सुटत नाहीत. कारखान्याच्या ट्रकवर एक स्थानिक ड्रायव्हर आहे, जाडजूड, हसरा. एकदा साडू त्याच्याबरोबर कामासाठी रियाधला गेले होते. तिथल्या कचेरीतल्या माणसाने त्याला विचारलं, कुठला तू? तो म्हणाला, "जुनूब." म्हणजे दक्षिणेचा. झालं. बाहेर आल्यावर साडूंनी आपल्या मोडक्या अरबीत त्याला फैलावर घेतलं. "दक्षिण हे काय गाव आहे? गावाला नाव आहे ना? लाज वाटते?" तो माणूस आधी हसला, मग गोंधळला, शेवटी साडूंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "यल्ला, चल, पुढच्या खेपेला जिझान म्हणीन, पण तू रक्तदाब सांभाळ." हा प्रसंग साडूंनी मला विजय म्हणून सांगितला होता.

आता यंदाची गोष्ट सांगतो. मे महिन्यात आमच्या भागातल्या मराठी मंडळींचं महाराष्ट्र दिनाचं स्नेहसंमेलन असतं. शहराबाहेर इस्तिराहा, म्हणजे भाड्याचं फार्महाऊस, घेतात. पोहण्याचा हौद, गवताचा तुकडा, एक हॉल. साडूंची मुलगी सई पुण्याला आर्किटेक्चर शिकते. ती सुट्टीला आली होती, म्हणून साडू, मेहुणी आणि ती असे तिघे मुद्दाम जुबैलला आले होते. साडू खुशीत होते. बरोबर अर्थातच खोके होते.

हॉलमध्ये शिरलो आणि समोरच्या भिंतीवर मोठा फलक होता. "सौदीतले आपण," असा मथळा, खाली देशाचा नकाशा आणि जिथे जिथे मराठी माणसं आहेत तिथे तिथे भगवा ठिपका. रियाध, जेद्दाह, दम्माम, जुबैल, यानबू, अगदी खफजीसुद्धा. नकाशावरच, खाली डाव्या कोपऱ्यात, जेवण पुरवणाऱ्या केटररची जाहिरात होती. वडापावचा फोटो, चांगला ताटाएवढा. जिझान त्या वडापावच्या खाली गेलं होतं.

मी ते साडूंच्या आधी पाहिलं आणि त्यांना कोल्ड्रिंकच्या टेबलाकडे वळवायचा प्रयत्न केला. उपयोग झाला नाही.

"संयोजक कोण आहेत?" साडूंनी हॉलभर ऐकू जाईल असं विचारलं.

संयोजक म्हणजे सदा घामेजलेले, भले गृहस्थ. ते धावत आले. "या या, साहेब, बसा ना. वडे गरम आहेत."

"दिसतंय. आमच्या गावावरच तळलेत."

"म्हणजे?"

"म्हणजे तो वडा उचला, खाली जिझान आहे."

संयोजकांनी फलकाकडे पाहिलं. "अरेच्चा! अहो, पण तिकडे आपलं कोणी नाही ना."

"मी कोण आहे?"

"तसं नाही, साहेब, म्हणजे एखाद-दुसरी फॅमिली..."

"खफजीत किती फॅमिल्या आहेत? सांगा! खफजीला ठिपका आहे की नाही? कुवेतला जाताना लघवीला थांबतात ते गाव, त्याला ठिपका! आणि आमच्या उरावर वडापाव!"

खफजीचं जे एक जोडपं आलं होतं ते मागे उभं होतं. त्यातला नवरा म्हणाला, "अहो काका, आमचं गाव चांगलं आहे हो." लोक हसले. साडूंनी त्याची तिथल्या तिथे माफी मागितली आणि पुन्हा संयोजकांकडे वळले. माझी मेहुणी पर्समध्ये काहीतरी शोधत राहिली. सई भिंतीला टेकून मोबाईलकडे बघत होती. तिचे कान लाल झाले होते. मला वाटलं, वयच तसं आहे, बापाची लाज वाटतेय. मी मध्ये पडायला हवं होतं, पण सवयीप्रमाणे पाणी प्यालो.

एवढ्यात संयोजकांचा मुलगा स्टेजवरून उतरून आला. तोही पुण्यालाच शिकतो, सुट्टीला आलेला. वडिलांची सुटका करायला आला असावा. त्याची नजर सईकडे गेली आणि त्याचा चेहरा उजळला.

"अरे, सई! यू आर हिअर? हे तुझे बाबा? तू तर जेद्दाहची ना?"

सईने मान वर केली नाही.

"आमच्याच कॉलेजात आहे," तो आनंदाने सगळ्यांना सांगू लागला. "आमचा गल्फवाल्यांचा ग्रुप आहे ना, त्यात ही जेद्दाह. जेद्दाहचे किस्से सांगते, तिथली समुद्राकाठची कॉर्निश, तिथली शाळा..." मग त्याला जाणवलं की काहीतरी चुकतंय. त्याने साडूंकडे पाहिलं, फलकाकडे पाहिलं. "अंकल, तुम्ही आत्ता जिझान म्हणालात ना?"

हौदावरच्या पोरांचा आरडाओरडा तेवढा ऐकू येत होता. साडूंनी मुलीकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. तिच्या हातातला मोबाईल कधीच विझला होता, तरी ती त्यावर अंगठा फिरवत होती.

माझे साडू आयुष्यात उत्तर द्यायला कधी थांबलेले नाहीत. त्या दिवशी थांबले. मग खाकरून म्हणाले, "हो, जेद्दाहच. आम्ही जेद्दाहचेच. जिझानला मी कामापुरता जातो-येतो, एवढंच. म्हणून जरा... जिव्हाळा."

"अच्छा, अच्छा!" मुलगा सुटल्यासारखा हसला.

"मग जेद्दाहचा ठिपका आहे की फलकावर," संयोजकही सुटल्यासारखे म्हणाले.

"आहे ना," साडू म्हणाले. "झकास आहे. चला, वडे कुठे आहेत?"

त्यांनी दोन वडे खाल्ले. संयोजकांना सांगितलं, चटणी फर्मास झालीय. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो आणि माझा वडा तसाच ताटलीत होता. लोक मला म्हणाले, तुमचे साडू शेवटी थंडावले म्हणायचे! असा राग आला मला. त्या माणसाने तुमच्या डोळ्यांदेखत स्वतःचं गाव टाकलं, आणि तुम्हाला वाटलं थंडावले!

परतताना गाडी मी चालवत होतो. साडू शेजारी, मागे बायका आणि सई. अर्ध्या वाटेवर मागून सई म्हणाली, "बाबा, सॉरी."

"कशाला?"

"मी पहिल्या दिवशी जिझानच सांगितलं होतं. खरंच. पण मग तेच सुरू होतं. ते कुठे आहे, येमेनमध्ये का, तुम्ही तंबूत राहता का, वॉर आहे का. रोज नवा माणूस, रोज तेच. तुम्हाला आवडतं ते उत्तर देणं. मला नाही आवडत. मला फक्त ड्रॉइंग पूर्ण करायचं असतं."

"मला कुठे आवडतं, बाळा," साडू म्हणाले.

एवढंच. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो. इतकी वर्षं मला, आम्हा सगळ्यांनाच, वाटत आलं की या माणसाला भांडायची हौस आहे. जेवायला बोलावताना आम्ही एकमेकांना बजावायचो, जिझानचा विषय काढू नका. त्यांना तो प्रश्न टोचत असेल, असं आमच्या कधी मनातही आलं नाही. प्रश्न विचारणारे हसून घरी जायचे, मीही त्यांच्याबरोबर हसून घरी जायचो, आणि ते मात्र उत्तरं घेऊन हजार मैल परत जायचे.

दुसऱ्या दिवशी ते तिघे गेले. त्यानंतर साडूंचे फोन आले, पण ते बिनबोचरे. तब्येत कशी, हवा कशी, मुलाचा निकाल कधी. टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या बाईने जिझान वगळलं, अशी तक्रार नाही. जिझानचा पत्ता न सापडणाऱ्या कुरियरवाल्याला शिव्या नाहीत. बायको म्हणाली, सुधारले हो भावोजी. मला मात्र घरातला पंखा बंद पडल्यासारखं झालं.

शेवटी दोन आठवड्यांनी न राहवून मीच फोन केला. "साडूभाऊ, काल आमच्या ऑफिसात एकजण म्हणाला, जिझानला म्हणे काही मिळत नाही, सामान सगळं जेद्दाहहून आणावं लागतं."

हे साफ खोटं होतं. असं कोणी म्हणालं नव्हतं.

"म्हणू दे," साडू म्हणाले.

"विद्यापीठ वगैरे काही नाही म्हणाला."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आणि आंबा म्हणे तुमच्याकडे भारतातून येतो."

"कोण हा?" साडूंचा आवाज एकदम चढला. "नाव काय त्याचं? कुठला? थांबा. थांबा एक मिनिट, साडूभाऊ." मग आवाज एकदम बारीक झाला. "सई आत ड्रॉइंग करत्ये. मी जिन्यात येतो."

दार हलकेच लावल्याचं ऐकू आलं. चपलांचा आवाज. मग अगदी तोंडाशी हात धरून बोलावं तशा दबक्या सुरात साडू म्हणाले, "हं, आता ऐका, त्या गाढवाला सांगा..." आणि सुरू झाले. बंदर, विद्यापीठ, डोंगरातली कॉफी, फुलांच्या माळा, सगळं कुजबुजत. मध्येच कोणी जिना चढलं की थांबायचे, सलाम करायचे आणि पुन्हा सुरू करायचे. मी फोन कानाशी घट्ट दाबून धरला, कारण साडूंचं बोलणं मला आयुष्यात पहिल्यांदाच नीट ऐकू येत नव्हतं.