पोटदुखीचा आळ

कुंभारीच्या दूध संकलन केंद्रावर धोंडीराम बावीस वर्षं दूध तपासत होता. पाणी, साखर, युरिया, सगळं त्यानं पकडलं होतं. दूध तपासताना तो समोरच्याचा चेहराही तपासायचा. घरी आमटीचा वास घेतल्याशिवाय घास तोंडात घालत नसे. त्याची बायको वच्छला आता या सवयीला हसतही नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात त्याच्या छातीखाली कुरतडल्यासारखं दुखू लागलं. आदल्या दिवशी तो दानम्माच्या घरी ताक प्याला होता. दानम्मा ही गावातली चार म्हशी सांभाळणारी विधवा. महिन्यापूर्वी तिच्या दुधात पाणी निघालं म्हणून धोंडीरामनंच ते परत पाठवलं होतं. त्यानं दोन्ही गोष्टी जोडल्या. बाईनं ताकात काहीतरी घालून डाव साधला.

कुणाला काही न बोलता तो तिचं दूध रोज दोन-दोनदा तपासू लागला. काहीच सापडेना, तसा संशय उलट वाढला. बाई हुशार दिसते. शेवटी वहीत ‘दूध संशयास्पद’ असा शेरा मारून त्यानं तिचं दूध घेणंच थांबवलं.

दुखणं मात्र थांबलं नाही. मग त्यानं टपरीवरचा चहा सोडला, लग्नाकार्यातलं जेवण सोडलं. पुढं पुढं वच्छलानं वाढलेलं ताटही सरकवू लागला. नवल म्हणजे उपाशी राहिलं की जास्त दुखायचं आणि दोन घास पोटात गेले की थांबायचं. हे त्याच्या ध्यानात आलं होतं. पण त्यानं अर्थ लावला तो असा, की विष जुनं आहे आणि आत मुरलंय.

एका सकाळी शौचाला डांबरासारखं काळं झालं. त्याच दिवशी केंद्रावर कॅन उचलताना तो चक्कर येऊन खाली बसला. लोकांनी त्याला सोलापूरला नेलं. डॉक्टर सिद्धेश्वरीबाईंनी दुर्बीण घालून पाहिलं आणि फोटो दाखवला. आतड्याच्या तोंडाशीच जखमेचा खड्डा होता आणि त्यातून रक्त झिरपत होतं.

“कुनी घातलं असंल हे?” त्यानं विचारलं.

“कुणी नाही. जंतू आहे. बहुतेक लहानपणीच घरातल्या कुणाकडून आला असेल,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी समजावलं. या जंतूमुळं गॅस्ट्रिन नावाचं हार्मोन जास्त सुटतं आणि त्यानं पोटातलं आम्ल वाढतं. जखम भरणारे घटक शरीर स्वतःच बनवतं, थोडे तर लाळेतही असतात. पण जंतू ठाण मांडून आहे तोवर त्यांचं काम पुरं होत नाही.

धोंडीरामला हेही पटलं नाही. दुर्बीण घातली तेव्हा तपासणीसाठी पोटातून काढलेला बारीक तुकडा त्यानं दुसऱ्या लॅबमध्ये तपासून घेतला. तिथंही तोच जंतू निघाला.

चौदा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. पाचव्या दिवशी दुखणं थांबलं, तसा तो गोळ्या बाजूला ठेवू लागला.

“बावीस वर्सांत दूध कदी अर्धंच तपासलं का तुमी?” वच्छलानं विचारलं.

त्यानं गोळ्या पुऱ्या केल्या. महिनाभरानं श्वासाची तपासणी झाली. जंतू गेला होता.

दुसऱ्या दिवशी तो दानम्माच्या गोठ्यात गेला आणि मनात काय काय आलं होतं ते सगळं सांगितलं. दानम्मानं शेण भरता भरता ऐकून घेतलं.

“पयल्यांदा पानी मीच घातलं हुतं,” ती म्हणाली. “पन नंतरचं दूध चोख हुतं की. तुमाला ते ठावं हुतं.”

“व्हय,” धोंडीराम म्हणाला.

“आता मी सोलापुरात हाटेलाला घालते. केंद्रावर न्हाय यायची.”

तो केंद्रावर परतला. सगळ्यांसमोर त्यानं वही काढली, जुना शेरा खोडला आणि शेजारी लिहिलं, ‘दूध शुद्ध होतं. शेरा चुकीचा, चूक माझी.’ खाली सही केली. लोकांनी ते वाचलं. दानम्मा पुन्हा केंद्रावर आली नाही, आणि धोंडीरामनंही तिला परत बोलावलं नाही.