सासऱ्यांचा तळातला क्लब

इंग्लंडातल्या त्या क्लबवर सगळ्यात जास्त जीव टाकणारा माणूस रबाळे गावठाणात राहतो आणि तो माझा सासरा आहे, हे मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे. क्लबचं नाव सासऱ्यांना अजून धड उच्चारता येत नाही. ते गाव नकाशात शोधायला मलाही स्क्रीन बरीच ताणावी लागली होती.

मी त्यांचा घरजावई. महाप्याला कॉम्प्युटरसमोर बसतो आणि स्वतःला फुटबॉलमधला जाणकार समजतो. या जाणकारीचा पुरावा म्हणजे तीन बड्या क्लबांच्या तीन जर्सी. प्रत्येक जर्सी तो तो क्लब जिंकल्यावर घेतलेली, आणि आता तिन्ही पोटावर अडकतात. एका संध्याकाळी गच्चीवर मी सासऱ्यांना मोबाईलवर गुणतक्ता दाखवून ज्ञान देत होतो. त्यांनी अंगठ्याने तक्ता वर सरकवला. पहिला विभाग गेला, दुसरा गेला, तिसरा गेला, चौथ्याच्या तळाशी अंगठा थांबला. याला कोण आहे, असं त्यांनी विचारलं. मी हसून म्हणालो, कोणी नाही. त्यावर ते म्हणाले, "वरच्यांना मानसा हायेत. मंग यो माजा."

तेव्हापासून आमच्या घरातला शनिवार क्लबचा झाला. सासरे गच्चीत खुर्ची टाकतात, मोबाईल लोणच्याच्या बरणीला टेकवतात आणि क्लबचं रेडिओ समालोचन ऐकतात. इंग्रजी येत नाही, पण अडत नाही. समालोचक ओरडला तर गोल आपला, सुस्कारा सोडला तर समोरच्याचा. रबाळ्याला कडक ऊन असलं तरी तिकडे पाऊस आहे का, हे ते सकाळीच मला विचारून घेतात. गोलकीपरला सर्दी होईल ही त्यांची कायमची काळजी. एकदा दिघ्याला त्यांच्या पुतण्याची हळद होती. डीजे दणदणत होता आणि सासरे कानात इयरफोन खुपसून मांडवाच्या खांबाला टेकले होते. अचानक डोकं धरून ते खालीच बसले. डीजे बंद झाला, कोणी पाणी आणलं, कोणी रिक्षा आणायला धावलं. शेवटी मला माईकवरून सांगावं लागलं, की यांना काही झालेलं नाही, इंग्लंडात पेनल्टी मिळाली आहे आणि ती आपल्या विरुद्ध आहे. पुतण्याची आई अजून माझ्याशीच नीट बोलत नाही, त्यांच्याशी बोलते.

गेल्या मोसमातला शेवटचा सामना हरलो तर क्लब चौथ्या विभागातूनही खाली जाणार होता. त्या दिवशी सासऱ्यांनी मला शेजारी बसवलं, भाषांतराला. मी मोठ्या क्लबांचा माणूस, अशा गल्लीतल्या सामन्याचं मला काय, असं म्हणतच बसलो. मध्यंतरानंतर गोल खाल्ला आणि मी भाषांतर विसरलो. शेवटच्या मिनिटाला आपला चेंडू खांबाला लागला. शिट्टी वाजली, क्लब खाली गेला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते लपवायला हाताशी जर्सीसुद्धा नव्हती.

सासऱ्यांनी गळ्यातला पंचा काढून माझ्याकडे दिला. "तुमी कशाला रडताव, जावय? तुमचा तर वर हाय."

मोबाईलमधून गर्दीचा आवाज अजून येत होता. लोक गात होते. काय गातात ते त्यांनी विचारलं, पण ते इंग्रजी मलाही कळेना. हरल्यावरसुद्धा माणसं थांबली आहेत, एवढंच मी सांगितलं. सासरे बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "मंग बरा हाय," आणि जेवायला उठले.

यंदा क्लब आणखी एक पायरी खाली खेळतो. सासऱ्यांना हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून इयरफोन माझ्या कानात असतो. ते माझ्या तोंडाकडे बघत बसतात. आपण हरतोय का, असं अधूनमधून विचारतात. हो, आपण हरतोय, असं मी त्यांच्या कानाशी मोठ्याने सांगतो आणि आम्ही दोघंही उठत नाही.