खाकी कव्हरांतली पुस्तकं

रिबेकाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावत होते. "मेघना, पप्पा गेले गं… झोपेतच," एवढंच ती म्हणाली. रिबेका म्हणजे प्रभाकरकाकांची सून. काका नगरच्या मिशन शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झाले आणि काकू वारल्यावर मुलाकडे अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनोला राहायला आले. त्यांना जाऊन आता काही आठवडे झाले, तरी शनिवार उजाडला की मला त्यांना आणायला निघावंसं वाटतं. त्यांना गाडी चालवता येत नव्हती, आणि टेक्सासमध्ये गाडी नसलेला माणूस घरातच अडकतो. म्हणून माझा शनिवार त्यांचा असायचा.

आमची ओळख २००१ सालची. मी नागपूरहून नोकरीसाठी आले आणि आल्या आल्याच बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, बसले. व्हिसाचं काय होणार या धास्तीने घर खायला उठायचं, म्हणून पब्लिक लायब्ररीत जाऊन बसायची. तिथे एकदा जुन्या पुस्तकांचा सेल लागला होता. मे महिन्यातही स्वेटर घातलेले एक गृहस्थ टेबलापाशी उभ्या उभ्या वाचत होते आणि चार पानं वाचून बहुतेक पुस्तकं परत ठेवत होते. मी आईशी फोनवर बोलत होते, ते ऐकून त्यांनी विचारलं, नागपूरच्या का? आणि मग मला तिथेच थांबवून बेलीजची सगळी हकिगत सांगितली. मेक्सिकोच्या खाली, समुद्रकाठी, आपल्या एखाद्या तालुक्याएवढ्या वस्तीचा देश. तिथले एक पाळक काकांच्या चर्चमध्ये पाहुणे म्हणून आले होते. आमच्या लोकांना इंग्रजी वाचता येतं, पण चांगली ख्रिस्ती पुस्तकं मिळतच नाहीत, असं ते म्हणाले होते. जी मिळतात ती परवडत नाहीत, नाहीतर देव तुम्हाला श्रीमंत करील असलं काहीतरी सांगणारी असतात. काकांच्या मनाला ते लागलं. चर्चमधली काही मंडळी दर वर्षी एक जुनी बस घेऊन तिकडे जात. त्या बसमधून पुस्तकांचं एक खोकं पाठवायचं, असं काकांनी ठरवलं. एकच खोकं.

त्या एका खोक्यावरून मी त्यांच्याशी किती भांडले असेन! बातमी पसरली तशी लोक गॅरेज साफ करून पुस्तकं आणून टाकायला लागले. अर्धवट भरलेली वर्कबुकं, पानं निसटलेली, उंदरांनी चाखलेली. काका गोड बोलून ती परत करायचे आणि माझा जीव खालीवर व्हायचा. एकदा मी चिडून म्हटलं, "काका, लोक द्यायला तयार आहेत ना, मग एकदाच कंटेनर शिप करून टाकू. विषय संपला."

"पाहुण्याला आधी विचारतेस ना, भात वाढू की पोळी? का सगळं पातेलं ताटात ओततेस?"

काका खरंच विचारायचे. त्या देशातल्या एका लहान गावात व्हर्ना नावाच्या शिक्षिका चर्चच्या मागच्या खोलीत ही पुस्तकं ठेवून लोकांना वाचायला देत. पुढच्या खेपेला काय पाठवू, असं काका त्यांना दर वेळी फोनवर विचारत, आणि दर वेळी उत्तर येई, सर, तुम्हाला जास्त कळतं. फोन ठेवला की काका खट्टू व्हायचे. दान घेणारा बिचारा मिळेल ते घेतो, म्हणायचे. वाचणारा मागतो, नाकही मुरडतो. तिथल्या कोणीतरी एकदा असं हक्काने मागावं, एवढीच त्यांची आस होती. मी देवाधर्मातली नाही, त्यांच्या पुस्तकांतलं मला फारसं कळायचं नाही. ही आस मात्र कळायची.

आणि मग आम्ही तो पराक्रम केला. एका वर्षी खोकं जरा मोठं झालं, तेव्हा काकांनी फर्मान काढलं की पुस्तकं अशी उघडी पाठवायची नाहीत. जून महिन्यात शाळा सुरू होताना घालायचो तशी कव्हरं घालायची. झालं! आमच्या अपार्टमेंटमधली सगळी मराठी मंडळी जमली, ग्रोसरीच्या खाकी पिशव्या कापल्या, एकेका पुस्तकाला कव्हर, वर लेबल, लेबलावर काकांचं सुंदर अक्षर. पोहे झाले, चहा झाला, शाळेच्या आठवणी निघाल्या. कितीतरी महिन्यांनी व्हर्नाबाईंनी चाचरत सांगितलं की त्या पुस्तकांना कोणी हातच लावत नाही. मुलांना ती परीक्षेची वाटतात, मोठ्यांना सरकारी. कव्हरं काढू का, असं विचारायचीही त्यांना भीड पडली होती.

कव्हर फाडलं म्हणून काकांनी आयुष्यभर पोरांचे कान पिळले होते… मग त्यांनी पुन्हा फोन लावायला सांगितला आणि म्हणाले, मुलांना बोलवा. ज्याने जे कव्हर फाडलं, ते पुस्तक आधी त्याने घरी न्यायचं. स्पीकरवर आम्हाला टराटरा कागद फाटल्याचे आवाज आले, पोरांचा कालवा ऐकू आला. काका चष्मा काढून ऐकत होते. मला भरून आलं होतं आणि हसूही येत होतं.

त्यानंतर तिथे पुस्तकं फिरू लागली. तरी पुढची काही वर्षं विचारलं की उत्तर तेच, तुम्हाला जास्त कळतं, सर. काकांचं हृदय थकत गेलं, आमच्या शनिवारच्या फेऱ्या कमी झाल्या, पण खोकं चुकलं नाही. शेवटचे भेटलो तेव्हाही ते मला म्हणाले, "मागत नाहीत गं अजून."

व्हर्नाबाईंना बातमी मीच कळवली. पुढच्या आठवड्यात त्यांचा आपणहून फोन आला, आजवरचा पहिला. सरांसाठी प्रार्थना करायला सगळे वाचक त्या मागच्या खोलीत जमले होते, आणि आता निवडून कोण देणार, या काळजीने बोलणं सुरू होऊन शेवटी त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. बसमध्ये वाचता येतील अशी बारकी पुस्तकं हवीत. मूल गेलेल्या आईला देता येईल असं काहीतरी हवं. आणि… इथे त्या अडखळल्या. तो प्रवचनांचा जाड निळा ग्रंथ कृपा करून पुन्हा पाठवू नका. फार कंटाळवाणा आहे.

तो ग्रंथ काकांचा जीव की प्राण, त्याची एक प्रत ते आधीच पाठवून बसले होते. मी तशीच गाडी काढून रिबेकाकडे गेले आणि काकांच्या खोलीत बसून तिला सगळं सांगितलं. तिने कॉटखालून पुढच्या खेपेचं खोकं ओढलं, तर सगळ्यात वर, भेट द्यायला जपून ठेवावा तसा, तोच निळा ग्रंथ. आम्ही हसत सुटलो, आणि हसता हसता दोघीही रडलो. मग मी तो उचलून त्यांच्या उशाजवळच्या टेबलावर ठेवला.

"पप्पा," रिकाम्या कॉटकडे बघत रिबेका म्हणाली, "नको म्हणाले बघा."