विकतचा पाला

लग्नानंतर मी धुळ्याला निघाले, तेव्हा सावद्याच्या स्टेशनावर गाडी यायला अवकाश होता आणि माय अजून बोचकी बांधतच होती. माझ्या वडिलांनी, आबांनी, फैजपूरहून छकडं हाकत आणलेलं सामान माझ्या पायाशी रचलं होतं: ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ, बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड, कुरडया, मुगाचे वडे, वाळवलेल्या वांग्याच्या चकत्या, डाळी. फलाटाच्या त्या टोकाला केळीचे घड वॅगनीत भरणं चाललं होतं. आबा म्हणाले, "अवो, धुळं काय लंकेत हाये का?" माय म्हणाली, "लंकेत नसंन, पन तिथं आपलं वावर नही."

मी बोचक्यांत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "माय, हिरवं काहीच नाही बांधलं?" त्या काळी तांदुळज्याची भाजी आणि कळण्याची भाकरी म्हणजे माझा जीव होता. माय हसली. "पाला कोनी बांधून देते का बाई? पाला जिथं जाशीन तिथं उगते." मग गाडी आली, आणि रडारड होऊ नये म्हणून तिनं एकच वाक्य कानात टाकलं: "पोटाले इच्चारून खाजो, लोकायले नही."

हे मी फैजपूरला राहिलेल्यांसाठी लिहिते आहे आणि माझ्यासारख्याच बोचकी घेऊन नाशिकला, मुंबईला, नागपूरला गेलेल्या पोरींसाठीही. यंदा स्वराज्य आलं, आता आणखी पोरी जातील. त्यांनी एवढं वाचावं.

आमचे हे धुळ्याच्या एका कचेरीत कारकून. यावल तालुक्यातल्याच शेतकऱ्याचे चिरंजीव, त्यामुळे तोंडाची चव एक आणि अक्कलही एकच. दोन खोल्यांची जागा, पुढे ओटा, मागे मोरी. पहिल्याच दिवशी सकाळी गल्लीत एक बाई ओरडत आली, "पोकळा घ्या, अंबाडी घ्या, घोळ घ्या!" मी दारात जाऊन पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटले. पाला! टोपलीत मांडून, पाणी शिंपडून, पैसे घेऊन! आमच्याकडे केळीच्या बागेत निंदणीला गेलेली बाई येताना ओटीत पाला घेऊन येते. मालक तिला काही म्हणत नाही, उलट तण गेलं म्हणून बरंच वाटतं. यांना सांगितलं तर हेही हसले. "शहराची लोकं वेडी. उद्या हवाही विकत घेतील. आपण नाही बुवा पाल्याला पैसे मोजणार."

तेव्हापासून त्या बाईची हाक आली की आम्ही एकमेकांकडे बघायचो. बटाटे घेत होतो, वांगी घेत होतो, हलवायाकडची शेवही घेत होतो, त्यात काही वाटत नव्हतं. पाला मात्र नाही. फैजपूरहून वर्षातून दोनदा कोणीतरी येई आणि आणखी बोचकी टाकून जाई. आमचं ताट भरलेलं असायचं. भरल्या ताटाला नाव कोण ठेवणार?

पहिल्यांदा दिवस राहिले तेव्हा सातव्या महिन्याच्या सुमाराला दिवेलागणीची गंमत सुरू झाली. गंमतच म्हणते, कारण आधी मला मौज वाटली होती. सूर्य बुडाला की माझ्यासाठी लगेच रात्र व्हायची. बाकीच्या बाया ओट्यावर बसून तांदूळ निवडायच्या आणि मला तांदूळ सोडा, सूप दिसत नव्हतं. चिमणी लावली तर चिमणीची ज्योत तेवढी दिसे, भोवती काळं. सकाळी उठावं तर डोळे लख्ख, सुईत दोरा ओवून घ्या. लहानपणापासून मला चौकशीची खोड, माय मला 'काबरं' म्हणूनच हाक मारायची. "ही पोरगी म्हंजे नुसती काबरं-काबरं." तर मी बसल्या बसल्या शोधायला लागले, की काबरं?

आणि मग एक दिवस शब्द आठवला आणि मौज संपली. रातांधळं. आमच्या गावात एका घरी सून रातांधळी निघाली म्हणून तिला माहेरी टाकली होती आणि दुसरी केली होती. 'खोट लपवून दिली' असं लोक तिच्या बापाला तोंडावर म्हणायचे. माझी सासू बोलायला तिखट होती. आबांना कोणी तसं म्हणालं असतं तर ते मेलेच असते. मी गप्प बसले. संध्याकाळचा स्वयंपाक उजेडातच उरकायचा, भिंतीला हात लावून चालायचं, आणि कोणी काही दाखवलं की "अगबाई, छान" म्हणायचं.

बाळंतपणाला माहेरी गेले. पंधरवड्यात काय व्हावं? एका संध्याकाळी अंगणात बसले होते आणि वावरातून परतणारे बैल मला वेशीपासून दिसले. कोणता ढवळ्या, कोणता पवळ्या, तेही कळलं. मी आनंदानं ओरडलेच. मायला काही सांगितलं नव्हतं, ती म्हणाली, "बैल पाहून इतकी कायले नाचते?" मी म्हटलं, माहेरची हवा! मला खरंच तसं वाटलं होतं. पोटभर खात होते, रोज दोन्ही वेळेला पालेभाजी, वर लसणाची फोडणी. पण ते काय सांगण्यासारखं होतं? ते तर नेहमीचंच.

मधू झाला. त्याला घेऊन धुळ्याला आले, आणि काही महिने सगळं झकास. मी विसरूनही गेले. मधू अंगावर पीत होता, गुटगुटीत होता, रांगायला लागला. आणि मग हळूहळू दिवेलागण पुन्हा काळी व्हायला लागली. या वेळी मौज नाही वाटली.

एका संध्याकाळी मी मधूला मधल्या खोलीत ठेवून चूल पेटवायला वळले. मागे वळते तो पोर नाही. म्हणजे असेल, पण मला दिसत नव्हतं. हाक मारली, तो आवाज देईना. मी गुडघ्यांवर बसून सगळी जमीन चाचपत सुटले. हाताला पाट लागला, लोटा लागला, केरसुणी लागली. मागच्या मोरीपाशी पाण्यानं भरलेलं घंगाळ होतं आणि मला एवढंच सुचत होतं की घंगाळ, घंगाळ. मी इतकी किंचाळले की शेजारच्या आक्का पोळपाट टाकून धावत आल्या. आक्का साक्रीकडच्या, बोलणं पक्कं अहिराणी. "आठे शे वं माय, तुना पोऱ्या आठे शे!" तो माझ्याच पदराच्या टोकाशी बसून गोवरी चाखत होता. माझ्यापासून हातभर. आई असून मला ते दिसलं नाही.

मी त्याच जागी बसून रडले आणि आक्कांना सगळं सांगितलं, मग घरी आल्यावर यांनाही. मला वाटलं होतं हे चिडतील. हे बराच वेळ चिमणीची वात खालीवर करत राहिले. मग म्हणाले, "माहेरी बरं वाटतं ना? मग तू माहेरीच राहा. मी येत जाईन." म्हणाले ते मायेनं, पण माहेरीच राहा! गावातल्या त्या सुनेलाही पहिल्यांदा असंच, मायेनंच म्हणाले असतील. मी म्हटलं, "मला दिवाळीपर्यंत वेळ द्या. सासूबाईंना सांगू नका. मी शोधून काढते."

मग माझ्या काबरंला ऊत आला. फैजपुरात दिसतं, धुळ्यात दिसत नाही, तर धुळ्यात काय वेगळं? आक्का म्हणाल्या, "पानी बदलनं म्हंजे आसंच व्हस. बठ्ठं दुखनं पोटमा शे." सगळं दुखणं पोटात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून पाणी उकळून प्यायले, काही नाही. मग रॉकेलच्या धुरावर संशय घेतला आणि गोडेतेलाची समई लावली. हे म्हणाले, घरात रोज दिवाळीच आहे म्हणायची. मग चहा सोडला. चहा सोडल्यानं डोकं एवढं दुखलं की यांनीच हात जोडून पुन्हा प्यायला लावला. दिवाळी जवळ येत होती आणि अंधार होता तिथेच होता.

दसरा झाल्यावर आबा आले. कोर्टात त्यांची बांधाच्या भांडणाची तारीख होती आणि ती पुढे पुढे जात राहिली, म्हणून राहिले. जेवायला बसले की ताट निरखायचे. एकदा घास हातात धरून म्हणाले, "बाई, तुमच्या ताटात हिरवं काहीच दिसत नही."

मी म्हटलं, "आबा, इथं पाला विकत मिळतो."

"ईकत? पाल्याले पैसे?" आबांना ठसकाच लागला. "नको वो. आपन नही ईकत घेत पाला. चार लोकं हसतीन." आणि ते पुन्हा जेवायला लागले. मग जरा वेळानं, सहज, स्वतःशीच बोलल्यासारखं: "ढोरायलेबी हिरवं लागते. त्या दुष्काळात आपला जोडीतला एक बैल नुसत्या कडब्यावर ठेवला होता. कडबा भरपूर, पोट टम्म. पन दिवस बुडाला का दावणीले धडकायचा. गोठ्याचं दारच सापडायचं नही. पाऊस झाला, हिरवं पोटात गेलं, मंग झाला बरा."

माझी भाकरी तव्यावरच राहिली आणि करपली. पोट टम्म आणि दावणीला धडकतो! मी घराकडे नजर टाकली. डबे भरलेले: पापड, कुरडया, वडे, चकत्या, डाळी, पीठ. एकजात वाळलेलं. माझ्या मायनं जीव लावून बांधून दिलेलं सगळं वाळलेलं. आम्ही दोघं हौसेनं कडब्यावर राहत होतो, आणि त्यात मी दोन जिवांची खाणारी.

आबांना काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी ते कोर्टात गेल्यावर भाजीवालीची हाक आली आणि मी दार उघडलं. खरं सांगते, मला एवढी लाज वाटली की तांदुळज्याची जुडी मी पदराखाली लपवून आत आणली, चोरीची असावी तशी. भाजीवाली म्हणाली, "काय वं बाई, इतके दिवस उपास व्हता का?" मी म्हटलं, "हो, उपासच होता."

रोज पाला सुरू केला. तांदुळजा, पोकळा, शेपू, शेवग्याचा कोवळा पाला. आणि रोज दिवेलागणीला ओट्यावर बसून समोरच्या घराच्या दारावरच्या तोरणाकडे बघायचं. पहिले काही दिवस तोरण नव्हतंच. मग दाराची चौकट आली. मग तोरण काहीतरी लोंबतंय असं दिसायला लागलं. हे कचेरीतून आले की विचारायचे, "आज काय दिसलं?" जणू मी नाटकाला जाऊन आले होते. आणि एका संध्याकाळी मला तोरणातलं पान न् पान वेगळं दिसलं, त्यावर बसलेला सरडाही दिसला. मी यांना हाताला धरून बाहेर ओढलं. दिवाळी अजून उजाडायची होती. यांनी तिथेच गल्लीत मला हात जोडले, आणि आक्का खिडकीतून बघून हसल्या.

पुढे मधूला देवी टोचायला नेलं तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी कौतुकानं ऐकली. म्हणाल्या, हिरव्या पाल्यात, गाजरात, आंब्यात एक सत्त्व असतं. ते पोटातून अंगात मुरायला तेल-तूप लागतं, आणि मुरलं की यकृतात साठतं, कोठीत धान्य साठतं तसं. अंधुक उजेडात दिसायला डोळ्यांना त्यातूनच शिधा मिळतो. बाई गरोदर असली, पाजती असली की पोर त्या कोठीतून आपला वाटा उचलतं. मला सगळं कोडं उलगडलं. माहेरी कोठी भरली, म्हणून परत आल्यावर काही महिने पुरली. मधू पीत गेला आणि कोठी रिकामी होत गेली. मी विचारलं, "आणि आमच्याकडे पाल्याला लसणाची फोडणी देतात ती?" बाई म्हणाल्या, "तेल सोडू नका म्हणजे झालं." माझ्या मायला सत्त्व ठाऊक नव्हतं. तिला फक्त चव ठाऊक होती.

फैजपूरला जाऊन माय-आबांना हे सांगितलं तेव्हा मायला वाईट वाटलं. "मी इतकं बांधलं, आन तेवढंच राह्यलं," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी म्हटलं, "अगं, तूच म्हणालीस ना, जाशील तिथं उगतो? मीच नाही पेरला." मग धुळ्याला परतल्यावर मोरीच्या पाण्यावर मी अंबाडी लावली, पोकळा टाकला, शेवग्याची फांदी रोवली. आक्का आता येता-जाता खुडून नेतात. फुकट.

माय गेली त्याला दोन पावसाळे झाले. या श्रावणात आबा आले, एकटेच. काठी भिंतीला टेकवली आणि खांद्यावरचं एक ओलं बोचकं माझ्या हातात दिलं. त्यांचं उपरणंच होतं ते, वाटेत दर स्टेशनावर भिजवत आणलेलं. सोडलं तर आत पाला. प्रवासानं काळवंडलेला, माना टाकलेला तांदुळजा, आणि त्यात अर्धं गवत मिसळलेलं. आबांना कुठला पाला ओळखता येतो? तो बायकांचा प्रांत.

"तुही माय असती तं तिनं निवडून देल्ला असता," ते म्हणाले. "मले जसा समजला तसा खुडला. केळीतलाच हाये. ईकतचा नही."

माझ्या मागच्या मोरीवर हिरवागार पोकळा डुलत होता, तो मी त्यांना दाखवला नाही. त्या काळ्या पाल्यातलं गवत बाजूला काढलं, पान न् पान ठेवलं, आणि लसणाची फोडणी देऊन कळण्याच्या भाकरीबरोबर वाढलं. आधी मी फैजपूरलाच घर म्हणायचे, मग हट्टानं धुळ्याला म्हणायला लागले. आता वाटतं, जे खाताना कधी मोजलं नाही, त्याचं नाव घर. दूर गेलं की ते आधी कळून घ्यावं लागतं, मग विकत घ्यावं लागतं, आणि मग आपल्या मोरीवर लावावं लागतं.

जेवणं उरकून आम्ही ओट्यावर बसलो. दिवस बुडत होता, गल्लीत अजून कुणी दिवा लावला नव्हता. आबांनी विचारलं, "दिसते का वो तुले आता, या टायमाले?"

"दिसतं आबा," मी म्हटलं. त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं, अंधार पडलाय तर पोरीला काय कळणार, अशा समजुतीनं. पण त्यांच्या डोळ्यांतलं पाणी मला लख्ख दिसलं.