रतनशेठ डोंगरात गेले होते

आंबिवलीत रतन वायले डोंगरातला माणूस म्हणून ओळखला जातो. तसं त्याचं सगळं आयुष्य सपाटीवर गेलं. बापाची भातशेती बिल्डरला गेली, तिच्यावर इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांतले काही गाळे वायल्यांच्या वाट्याला आले. भाडं घरी येऊ लागलं तेव्हापासून रतनला कुठं जायचं कारणच उरलं नाही.

कल्याणच्या कॉलेजात असताना तो मित्रांबरोबर किल्ले चढायचा. पण एक वाट त्यानं स्वतःसाठी राखून ठेवली होती. नाणेघाटानं वर जायचं, घाटमाथ्याच्या कडेकडेनं हरिश्चंद्रगड, पाचनई, कुमशेत असं चालत रतनगडावर संपवायचं. पाठीवर सॅक, चार-पाच दिवस, एकट्यानं.

"तो सगळा लाव्हा आहे," घरी आलेल्या पाहुण्यांना तो सांगायचा. "थरावर थर. आग विझली की असा काळा दगड होतो. त्याच्यावर माणसानं एकटंच चालावं."

दर हिवाळ्यात तो निघायचा आणि दर हिवाळ्यात भावकीत कुणाची तरी हळद निघायची. हळदीला गेलं नाही तर लोक वर्षभर बोलतात. नाहीतर कुणाचं दहावं, नाहीतर गुडघा. सॅक माळ्यावर भरलेली असायची. तिच्यातली मॅगीची पाकिटं तेवढी मुदत संपली की बदलली जायची.

ती पाकिटं भावना बदलायची. रतनची बायको. तिचं माहेर मुरबाडच्या पलीकडे, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या अगदी पायथ्याला. लहानपणी तिनं तो कडा रोज पाहिला होता, खालून, डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन. रतन पाहुण्यांना कोकणकडा सांगायचा तेव्हा ती आत चहा गाळत असायची.

या डिसेंबरात तिनं सॅक खाली काढली.

"अहो, यंदा जाणार आहात का?"

"बघू. नरेशच्या पोराची हळद आहे."

"मग मी जाऊन येते."

रतन हसला. "नकाशा तरी वाचता येतो का तुला?"

"विचारत जाईन. माणसं राहतात की तिथं."

"जा मग," तो म्हणाला. तिला एकटीला पहिल्याच संध्याकाळी रडू येईल आणि आपण गाडी घेऊन आणायला जाऊ, हे त्यानं त्याच क्षणी पाहून ठेवलं होतं. ती खरंच गेली.

घरात खरा प्रश्न पडला तो आवडाबाईंना, रतनच्या आईला. सून एकटी डोंगरात भटकते हे भावकीत सांगायचं कसं? दुपारी शेजारीण आली आणि आवडाबाई बोलून गेल्या, "भावना माहेरी गेली. रतन्या गेलाय डोंगरात, एकटाच. ऐकतंय कोण?"

शेजारीण गेल्यावर त्यांनी रतनला वरच्या खोलीत बसवलं. "आता ती येईपर्यंत खाली दिसायचं नाय."

"आये, मी काय चोर हाय?"

"तुला हळदीला पण जायचं नाय मग."

रतन वरच राहिला. आईचा धाक हे एक कारण होतं. दुसरं त्यानं कुणाला सांगितलं नाही. आईच्या तोंडून जिन्यापर्यंत आलेलं "रतन्या गेलाय डोंगरात" हे वाक्य त्याला आवडलं होतं.

मग तो आपल्याच घरात पडद्यामागे राहू लागला. खाली त्याची चौकशी व्हायची, तो वरून ऐकायचा. आता ती खिरेश्वरला असेल, आता टोलारखिंडीत. ती वाट त्याला पाठ होती, फक्त पायांना माहीत नव्हती. भावनाला काही होऊ नये असं त्याला मनापासून वाटत होतं. पण ती चुकावी, ढोरवाटेनं भलत्याच रानात शिरावी, कुणाच्या तरी जीपमधून परत यावी, असंही वाटत होतं. कड्यावरचा वारा तिच्या अंगाला लागतोय हे त्याला सहन होत नव्हतं. इतकी वर्षं त्यानं जो एकटेपणा जपून ठेवला होता, तो ती वापरत होती.

एकदा तिचा फोन आला.

"अहो, कोकणकड्यावर आहे."

"धुकं असेल. काही दिसत नसेल."

"सगळं दिसतंय. आमचं घर दिसतंय. अंगणात लाल ठिपका आहे, आईनं मिरच्या घातल्या असतील वाळत."

"एवढ्या उंचीवरून मिरच्या दिसत नाहीत."

"मग दुसरं काहीतरी असेल लाल," ती म्हणाली. तिच्या आवाजात वाद नव्हता. फोन कट झाल्यावर रतनला कळलं की आपण तिला जेवलीस का एवढंही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला खिडकीतून स्वतःचं तोंड दिसलं. नाक्यावर या खांबापासून त्या खांबापर्यंत फ्लेक्स लागला होता. महाबळेश्वरचा गॉगलवाला फोटो, मागे कुठलातरी बर्फाचा डोंगर. 'एकट्याने सह्याद्री सर करणारे आमचे आधारस्तंभ रतनशेठ वायले यांचे हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुकांची रांग आणि सगळ्यांत मोठं तोंड पुतण्याचं, बंटीचं. बंटीला येत्या निवडणुकीत उभं राहायचं होतं आणि घरात सत्कार करण्यासारखं बरेच दिवस कुणी काही केलं नव्हतं.

आवडाबाई खाली जाऊन बघून आल्या. "फोटो बरा आलाय."

"आये, काढायला सांग त्याला."

"तूच सांग. खाली जाऊन."

रतन गेला नाही. संध्याकाळी दिवे लागले तेव्हा तो परत खिडकीत उभा होता. बर्फाचा डोंगर चुकीचा होता, पण नाव बरोबर होतं.

भावना रतनगडावरून उतरून शहापूरला येणार होती. उजाडायच्या आत रतन गाडी घेऊन निघाला. अंगात ट्रेकिंगची पँट, पायांत कोरे बूट. एसटी स्टँडवर ती बाकावर बसून पेरू खात होती. काळवंडली होती, ओठ फुटले होते. ती एखाद्या अनोळखी घरची बाई वाटत होती आणि तो तिच्याकडे बघतच राहिला.

गाडीत त्यानं तिला फ्लेक्सचं सांगितलं. आधी तिनं पेरूचा शेवटचा घास तोंडात टाकला. मग हसली, पेरूचं बी दातांत अडकेपर्यंत हसली.

"म्हणजे मी कुठं होते?"

"माहेरी."

"बरं. माहेर पाहिलंच की मी, वरून."

"तुला राग नाही आला?"

"कशाचा? चालून तर झालं ना."

तिनं चिडायला हवं होतं. चिडली असती तर भांडता आलं असतं. रतननं ॲक्सिलरेटर दाबला आणि उलटतपासणी सुरू केली. कुमशेतला कुणाकडे राहिलीस? पाणी कुठं भरलंस? रतनगडाच्या शिड्या हलतात का? ती विचारलं तेवढं सांगत होती, तो पाठ करत होता.

नाक्यावर बँजो पार्टी उभी होती. रतननं सॅक पाठीला लावली. हार पडले, आवडाबाईंनी ओवाळलं, बंटीनं व्हिडिओ चालू केला. भावना बायकांच्या घोळक्यात जाऊन गटाराच्या कठड्यावर बसली.

"शेठ, पाणी मिळतं का वर?"

"कुमशेतला झरा आहे," रतन म्हणाला. "दगडातून येतं. थंडगार."

तो छान बोलत होता. लाव्हा सांगितला, शिड्या सांगितल्या. लोक माना डोलवत होते.

"आणि वाघ-बिघ?" कुणीतरी विचारलं.

"नाही," रतन म्हणाला. "जनावर नाही दिसलं."

"दिसला की बिबट्या," भावना म्हणाली.

ती मोठ्यानं बोलली नव्हती. बूट काढून ती अंगठा दाबत होती, नख काळं पडलं होतं. शेजारच्या बायका हसल्या. "वहिनी, माहेरी दिसला काय?"

आवडाबाईंनी डोळे मोठे केले. भावनानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. "कुमशेतच्या झऱ्यावर," ती म्हणाली. "मी वाकून बाटली भरत होते. मान वर केली तर पलीकडच्या कातळावर तो."

बँजोवाले थांबले. बंटीचा मोबाईल तिच्याकडे वळला. हे तिनं गाडीत सांगितलं नव्हतं, कारण रतननं पाणी विचारलं होतं, बिबट्या विचारला नव्हता. रतनच्या छातीत काहीतरी तापून वर आलं. त्याच्या झऱ्यावर, त्याच्या कातळावर.

"मग?" त्यानं विचारलं.

"मग काय, मीही हलले नाही, तोही नाही."

"जवळ होता? बघत होता तुझ्याकडे?" हार बाजूला सारत रतन बायकांच्या घोळक्यात घुसला होता.

बंटी हळूच म्हणाला, "काका, तुम्ही होतात ना तिथं?"

लोक रतनकडे बघू लागले. त्याला ते दिसलंच नाही. सॅकसकट तो तिच्या पायांशी खाली बसला होता.

"गप रे," तो म्हणाला. "ऐकू दे. मग काय झालं, भावना?"