बाबांच्या बॅटरीचे दोन दिवे

परवा रविवारी बाबांबरोबर कल्याणला गेले होते. किचनच्या ट्रॉल्या बसवायचं त्यांचं काम होतं. माझं काहीच नव्हतं... पण परीक्षा माझीच होती.

बाबा सुतारकाम करतात. मी वागळे इस्टेटमध्ये बॅटरी टेस्टिंगला आहे. तरीही त्यांच्या कॉर्डलेस ड्रिलच्या बॅटऱ्यांना मी हात लावलेला त्यांना चालत नसे.

दर मे महिन्यात आम्ही कोपरचं घर बंद करून गावी जातो. निघण्याआधी आई तांदळाचा डबा भरते, करंड्यात कुंकू भरते... घरात काही रिकामं ठेवून जायचं नाही, अशी आमच्याकडची पद्धत. बाबाही दोन्ही बॅटऱ्या फुल चार्ज करून, खिळ्यांच्या पत्र्याच्या डब्यात, पोटमाळ्यावर ठेवायचे. आमचा वरचा मजला. उन्हाळ्यात डोक्यावरचा गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो.

गेल्या वर्षी गावाहून आल्यावर पहिल्याच कामावर दहा-बारा स्क्रूंत दोन्ही बॅटऱ्या बसल्या. गिऱ्हाईक म्हणालं, "मिस्त्री, मशीनचं वय झालं की तुमचं?" बाबा घरी येऊन न जेवता झोपले.

नव्या बॅटऱ्या आणल्या तेव्हा बाबांनी पहिल्यांदाच मला त्यांना हात लावू दिला. मी आधी चार्जर तपासला. बाजारातला, पिन बसते म्हणून घेतलेला. पाच सेलच्या बॅटरीचं चार्जिंग एकवीस व्होल्टला थांबायला हवं... मीटरवरचा आकडा त्याच्याही पुढे सरकत राहिला. तो चार्जर मी बाद केला आणि बॅटरीच्याच कंपनीचा, तिच्यासाठीच बनवलेला घेतला.

पूर्ण भरलेली बॅटरी उष्णतेत पडून राहिली की लवकर खराब होते, म्हणून या मे महिन्यात मी बॅटऱ्या फक्त अर्ध्या चार्ज ठेवल्या. म्हणजे बॅटरीवरच्या चारपैकी दोनच दिवे लागतील इतक्या. खिळा लागून शॉर्ट होऊ नये म्हणून टोकांवर प्लास्टिकची टोपी आणि वेगळा डबा, आतल्या खोलीतलं खालचं कपाट.

"रिकामं ठेवून जायचं?"

"रिकामं नाहीये, बाबा."

"भरलेलं पण नाहीये." मग म्हणाले, "या वेळी बसल्या, तर मी परत वायरवाली मशीन काढणार."

गावाहून आल्यावर, परवा रविवारी सकाळी दोन्ही पूर्ण चार्ज करून नेल्या. सहा ट्रॉल्या एकाच बॅटरीवर झाल्या... दुसरी पिशवीतून काढावीच लागली नाही. बाबा ड्रिल आणि चार्जर आवरायला लागले.

तेवढ्यात शेजारच्या फ्लॅटमध्ये काम करणारा सुतार आला. "काका, चार्जर द्या ना जरा. माझी उतरली."

बाबांनी चार्जर हातातच धरून ठेवला. "आधी बॅटरी दाखव. किती व्होल्टची?"

"बसेल ओ, पिन सेम आहे."

"पिन बसते म्हणून लावायचं नसतं." मग बाबांनी त्याला एकवीस व्होल्ट सांगितले, दोन दिवे सांगितले, पोटमाळाही सांगितला. काही सुटलं नाही... मी मनात टिक करत होते.

"हे सगळं कोणी शिकवलं, काका?"

"आमच्या घरात एक इन्स्पेक्टर आहे," बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले. मी उरलेले स्क्रू डब्यात भरत राहिले.

माझ्या जन्माआधीपासून स्वतःची हत्यारं सांभाळणाऱ्या माणसाने माझं ऐकलं... त्यांच्यासमोर हे बोलणं मला जमणार नाही, म्हणून इथे. थँक यू, बाबा.